पाळण्यावरच्या माश्या

माझा मुलगा कुतमान झाल्यापासून मला माश्यांची फार धास्ती. खाली गावातल्या घरात खिडक्यांना जाळ्या होत्या. पण जून लागला, गवत कापायला आमचं बिऱ्हाड वर अक्रोडाच्या जंगलात आलं, आणि तिथे कसली जाळी नि कसली खिडकी. फळ्या ठोकून केलेली झोपडी, पुढे चूल, मागे घोडी आणि गाई. माश्यांना आणखी काय हवं? पाळण्यात बांधलेल्या मुलाला माशी हाकलता येत नाही. हात अंगालगत, पाय सरळ, छातीवरून एक रुंद पट्टा आणि गुडघ्यांवरून दुसरा. आमच्याकडची सगळी मुलं अशीच वाढतात, मीही अशीच वाढले. तरी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात, दुधाच्या थेंबावर माशी बसली की मला माझेच हात बांधल्यासारखे वाटायचे.

म्हणून ती माशीमार पाखरांची जोडी दिसली तेव्हा मला केवढा आधार वाटला.

पाळणा, जमिनीवर उभा, वर आडवी दांडी असलेला, रानसफरचंदाच्या झाडाखाली असायचा. त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर, बेचक्यात, त्यांनी चहाच्या पेल्याएवढं घरटं केलं होतं. नर पांढराशुभ्र, डोकं काळं चकचकीत, शेपटीला दोन लांबलचक फिती. तो उडाला की झाडातून कुणी रिबन ओढून घेतंय असं वाटे. मादी तांबूस, आखूड शेपटीची. तिच्याकडे कोणी बघत नसे, पण काम तीच जास्त करायची. पाळण्याच्या वरच्या दांडीवर येऊन बसायची, मान तिरकी करायची आणि कुतमानच्या तोंडाभोवती घोंघावणारी माशी हवेतल्या हवेत टिपून वर जायची. चोच मिटताना बारीक टच्‌ असा आवाज व्हायचा. कुतमान त्या आवाजाला हसायचा.

"बघा एने, याला राखणदारीण मिळाली," मी सासूबाईंना म्हटलं.

एने चुलीपुढे बसून नान उलटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "राखणारा देव. पाखरू पोट भरतंय."

"पोट भरता भरता राखतेय ना?"

"अगं केलिन, तू जरा कमी बघत जा. दिवसभर घुबडासारखी पोरावर डोळे लावून बसतेस. बाहेरच्याची नजर उतरवता येते, आईची लागली तर कोणी उतरवायची?"

केलिन म्हणजे सून. त्या रागावल्या असोत की लाडात असोत, मला केलिनच म्हणायच्या. मी आमच्या डोंगराखालच्या जलालाबाद शहरात कॉलेजात भूगोल शिकले, वर्षभर शाळेत शिकवलंही, हे त्यांना कधी आवडायचं, कधी नाही. गाय चुकली की म्हणायच्या, "विचारा आमच्या सुनेला, नकाशात बघून सांगेल." पण कुतमानवर त्यांचा जीव होता. पाळण्याच्या दांडीला त्यांनी लसणाची गड्डी, लाल मिरची आणि घुबडाचं पीस बांधलं होतं. पट्टे त्यांनीच विणलेले, लाल-काळ्या नक्षीचे, टोकाला गोंडे असलेले. कुतमानचे वडील त्या दिवसांत मेंढ्या घेऊन खिंडीपलीकडच्या कुरणावर होते, तिथे फोन लागत नाही. त्यामुळे जंगलात आम्ही दोघी आणि मूल. संध्याकाळी मोठे दीर, जोल्दोशआका, साइडकारवाली जुनी मोटरसायकल घेऊन यायचे.

त्या वर्षी सुरवंट फार होते. झाडाखाली उभं राहिलं की पाऊस पडल्यासारखी टपटप ऐकू यायची. पाऊस नव्हे, वर पानं खाणाऱ्या सुरवंटांची लेंडी. अक्रोडाची पानं ते उशिरा खातात, पण सफरचंद, आलुबुखार, मॅपल यांच्या निव्वळ शिरा उरल्या होत्या. चहात सुरवंट, अंथरुणात सुरवंट. त्यांच्या केसांनी अंगावर गांधी उठायच्या. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जंगलखात्याची फवारणी चालू होती आणि जोल्दोशआका हंगामापुरते त्या टोळीत होते. आमच्या बाजूची पाळी अजून आली नव्हती.

"आका, इकडे कधी येणार तुम्ही लोक?" मी विचारलं.

"औषधच उशिरा आलं. आता काय, सुरवंटांची लग्नं व्हायची वेळ झाली. आम्ही वऱ्हाडाला जेवण घालतोय," असं म्हणून ते हसले. त्यांचे डोळे लाल असायचे. ओढ्यावर हात-पाय धुवायचे, पण कपडे तेच.

एक दिवस दुपारी पाळण्यावरचं पांघरूण उचललं तर कुतमानच्या गळ्यावर एक भला मोठा सुरवंट चालत होता. गळा लालभडक, पोर रडून रडून थकलेलं. मी इतकी ओरडले की गाई उठून उभ्या राहिल्या. त्या रात्री मला वाटलं आपण खाली गावात जावं. पण गवत कापून पसरलेलं होतं, ते सोडून कोण जाणार?

"रडू नको," एने म्हणाल्या. "करते मी काहीतरी."

दुसऱ्या दिवशी पाळण्यावर एकही सुरवंट चढला नाही. झाडावरून पडायचे, पाळण्याच्या काठाला लागले की वळवळत खाली. मी थक्क झाले.

"काय केलंत?"

"सांगितलं की गुण जातो."

"सांगा ना एने."

"तुम्हा शिकलेल्यांना वाटतं म्हातारीला काही येत नाही. बघ, आहे का एक तरी सुरवंट? तुझं काम बघण्याचं, तेवढं कर."

पट्ट्यांना लसणाचा वास येत होता. दांडीला लसूण होताच. शिवाय वसंतात सगळं गाव रानलसणाचं लोणचं घालतं, एनेंच्या हातांना वर्षभर तो वास असतो. मला वाटलं, लसूण वाटून चोळला असेल. बरं केलं.

मग माश्याही बदलल्या. यायच्या, पण पट्ट्यावर बसल्या की जड होऊन जायच्या. उडायचं विसरल्यासारख्या चालत राहायच्या, कुठे तरी उताण्या पडून पाय झाडायच्या. माशीमार मादीला आता हवेत कसरत करावी लागत नव्हती. पांघरुणाच्या घड्यांतून, पट्ट्यांवरून ती माश्या वेचून न्यायची. घरट्यात पिल्लं होती. ती आली की वर नुसत्या उघड्या चोची दिसायच्या, पिवळ्या काठाच्या. नर दूर ओढ्यावर शिकार करून येई तोवर हिच्या चार-पाच खेपा व्हायच्या. मला तिचं कौतुक वाटे. घरातली माशी घरातल्या घरात मुरत होती.

आणि कुतमान शांत झाला.

एरवी पट्टा आवळायला घेतला की तो अंग कमानीसारखं करायचा, दोन हातांनी पट्टा ढकलायचा, आम्हाला दोघींना मिळून बांधावं लागायचं. आता ठेवलं की पडून राहायचा. शेजारच्या मोकळ्या रानात बुबुसारा म्हणून एक म्हातारी आपल्या माणसांसोबत गवताला आली होती. ती ताक मागायला आली तेव्हा पाळण्यात डोकावून म्हणाली, "काय शहाणं पोर आहे गं! थू, थू, दृष्ट न लागो. आमचे नातू बघ, पाळण्यात घातले की पाळणाच घेऊन पळतात."

"आमच्या घराण्यावर गेलाय," एने म्हणाल्या.

"तुझं घराणं कधीपासून शांत झालं?"

दोघी हसल्या. मी हसले नाही. त्याच्या हनुवटीवरून लाळ गळत होती, उशीचा कोपरा भिजला होता. "दात येतायत," एने म्हणाल्या. पाळण्यातून काढलं की तासाभराने तो थोडा खेळायचा, पट्ट्याचा गोंडा चोखत बसायचा. पुन्हा बांधलं की पुन्हा तसाच. मला ते दिसत होतं, पण दिसलेलं कशाला जोडायचं ते कळत नव्हतं. आठवड्यापूर्वी तो झोपडीचा खांब धरून उभा राहायला लागला होता. आता उभं केलं की गुडघे दुमडायचे. दूध ओढायचा आणि मध्येच थांबायचा, जणू ओढायचं कसं ते आठवत नाही. पहाटे त्याचं अंग घामाने ओलं, आणि मांडीच्या कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, उकळी फुटायच्या आधी पाणी थरथरतं तसं. पापणीतही तेच.

"आपण डॉक्टरांकडे नेऊ याला," मी म्हटलं.

"संध्याकाळी जोल्दोश येईल, त्याच्याबरोबर जा."

"संध्याकाळ फार लांब आहे."

"घोडीवरून नेशील एवढ्या उन्हात? दाताचा ताप आहे, केलिन. मी पाच वाढवली." असं म्हणाल्या, पण त्यांनाही चैन पडत नव्हतं. कपाळाचा घाम पुसत होत्या, पेला हातात घेतला तर चहा हिंदकळला. "माझंही ब्लडप्रेशर वाढलंय बहुतेक," म्हणाल्या आणि बुबुसाराला बोलवायला गेल्या. बुबुसारा मंत्र घालते, नजर उतरवते, तिच्याकडे लांबून लोक येतात.

बुबुसाराने कुतमानचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कानाशी काही पुटपुटली, फुंकर मारली. मग मला विचारलं, "याला अक्रोडाखाली झोपवलं होतंस का?"

मी त्याचा पाय पांघरुणात घेतला.

"बोल."

"एकदा. सफरचंदाला पानं उरली नाहीत, ऊन तोंडावर येत होतं. दुपारपुरता पाळणा तिकडे सरकवला होता."

एनेंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! अक्रोडाच्या देशात जन्मलीस ना तू?"

अक्रोडाची सावली जड असते, तिच्याखाली झोपणाऱ्याचं रक्त गोठतं, तिथे बसणाऱ्या माणसांचं आणि तिथे राहणाऱ्या भुताखेतांचं पटत नाही, हे आमच्याकडे बोलायला लागण्याआधी मुलांना कळतं. मीही मानते की नाही, मला सांगता येत नाही. पण मोठी माणसंसुद्धा तिथे डोकं टेकत नाहीत, आणि मी दहा महिन्यांचं मूल ठेवलं होतं.

"आता ऐक," बुबुसारा म्हणाली. "पाळण्यात बांध, घट्ट. हात-पाय मोकळे राहिले तर सावली आत फिरते. वरून सगळं झाक. मी जुनिपरच्या डहाळ्यांची धुरी देते. अक्रोडांच्या शेंड्यांवरून ऊन उतरेपर्यंत याला सोडायचं नाही. आणि तू हात लावायचा नाहीस. तूच तिथे ठेवलंस, तुझ्या हाताला ती अजून चिकटलेली आहे."

बांधलं एनेंनी. छातीवरचा पट्टा आवळताना कुतमानने माझ्याकडे पाहिलं. रडला नाही. धुरी झाली, पांघरूण पडलं, आणि मी झोपडीच्या दाराशी बसले. मला तेवढ्याच अंतरावर बसायची परवानगी होती.

बघण्याशिवाय दुसरं काही नव्हतंच. पाळण्याच्या वर घरटं. बराच वेळ झाला तरी वरून किलबिल आली नाही. नीट पाहिलं तर घरट्याच्या काठावरून एक मान खाली लोंबत होती, पिसं न फुटलेली. तिच्या शेजारी आणखी एक. नर ओढ्यावरून चतुर पकडून आला, फिती सावरत काठावर बसला, चतुर त्या लोंबत्या चोचीला लावला. वाट पाहिली. पुन्हा लावला. मग तो स्वतः गिळून निघून गेला आणि थोड्या वेळाने दुसरा घेऊन आला.

मादी पाळण्याच्या दांडीवर होती. मला वाटलं ती माशीवर झडप घालायला वाकतेय. पण ती वाकली ती वाकलीच, आणि पाळण्याच्या पायाशी पडली.

मी उठले. पाळण्याला हात लावायचा नव्हता, पाखराला लावू नको असं कोणी म्हटलं नव्हतं. ओंजळीत घेतली तर वजनच नाही. पंख अर्धवट उघडे, बोटं आकसलेली, चोच ओली, आणि चोचीच्या फटीत थुंकीचा बुडबुडा. पाखराच्या तोंडाला लाळ मी कधी पाहिली नव्हती. छातीच्या पिसांखाली काहीतरी थरथरत होतं, उकळी फुटायच्या आधीच्या पाण्यासारखं.

ती माझ्या हातातच थांबली.

मी तिथेच उभी राहिले. मला आठवतंय, डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: अक्रोडाची सावली पाखरांना लागत नाही. ती तिथेच जन्मतात, तिथेच झोपतात. आणि फवारणी इकडे आलेली नाही. ओढ्यापलीकडे वटवटे ओरडत होते, राखी माशीमार कुंपणाच्या खांबावरून उडून पुन्हा त्याच खांबावर बसत होते. सगळे ठणठणीत. मग हिनेच असं काय खाल्लं? ओढ्यापलीकडे ती कधी जात नसे. ती खायची ती माझ्या मुलाच्या अंगावरच्या माश्या.

मी पांघरूण उचललं. घड्यांमध्ये, उशीच्या कडेला, पट्ट्यांच्या गोंड्यांत मेलेल्या माश्या होत्या, नानवर कलौंजी पसरावी तशा. मी वाकून पट्टा हुंगला. दांडीला बांधलेला लसूण केव्हाच सुकून गेला होता. हा वास लसणाचा नव्हता. लसूण कुजला तर येईल तसा होता, आणि तो मला ओळखीचा होता. संध्याकाळी मोटरसायकलवरून यायचा तो वास.

"एने, पट्ट्यांना काय लावलंत?"

"हात काढ! ऊन उतरलं नाही अजून!"

"काय लावलंत पट्ट्यांना?"

"सांगितलं की गुण..."

"एने!"

मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या चुलीपासून उठल्या, झग्याला हात पुसत पुसत माझ्यापाशी आल्या. "जोल्दोशचं औषध," म्हणाल्या. "थोडंसंच. झाकणभर, बादलीभर पाण्यात. त्यात पट्टे बुडवले. मग काय करायचं होतं, सुरवंटांना पोर खाऊ द्यायचं होतं?"

"एकदाच?"

"वाळले की परत. वाळले की त्याचा जोर जातो, जोल्दोशच सांगतो."

मी गाठी सोडायला लागले. गाठी त्यांनीच घातलेल्या, सुटेनात. दातांनी सोडणार होते, तेवढ्यात एनेंनी माझं डोकं धरून मागे ओढलं. "तोंड नको लावू," म्हणाल्या. त्या क्षणी त्यांना कळलं असावं. चुलीजवळची सुरी घेऊन त्यांनी आपले पट्टे आपल्या हाताने कापले.

कुतमानला उन्हात धरलं तरी डोळ्यांतल्या बाहुल्या खसखशीएवढ्या. छातीत घुरघुर. किटलीत कोमट पाणी होतं. मी त्याचे कपडे फाडून काढले आणि साबण लावायला घेतला.

"सावली उतरायच्या आधी सोडलंस!" बुबुसारा धावत आली. "आता काही झालं तर मला बोलू नको."

"नाही बोलणार. पाणी ओता."

"अगं, पण..."

"पाणी ओता, मावशी!"

तिने ओतलं. नंतर स्वतःच ओढ्यावरून आणखी आणलं, स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल काढून त्याला गुंडाळायला दिला. तोंडाने मात्र सारखं चालू होतं की मी असली केलिन पाहिली नाही.

त्या दिवशी वारा सुटला म्हणून फवारणी लवकर थांबली होती. मी घोडीवर खोगीर टाकत होते तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. जोल्दोशआकांनी मुलाला पाहिलं, कापलेले पट्टे पाहिले, आईकडे पाहिलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"एने, ते मी तुला गोठ्यातल्या गोचिडांसाठी दिलं होतं."

"गोचीड मरते तर सुरवंट नाही मरणार?" एने म्हणाल्या. मग खाली बसल्या.

"बाटली कुठे आहे?" मी विचारलं.

ती पिठाच्या पोत्यामागे होती. साधी पाण्याची बाटली, तिच्यावर नाव ना गाव. मी ती रुमालात गुंडाळून बरोबर घेतली.

साइडकारमध्ये मी, मांडीवर कुतमान, त्याची मान माझ्या कोपरावर. रस्ता दगडांचा. मी सारखं त्याच्या नाकापाशी बोट धरून बसले होते. खाली नदीच्या पुलावर आकांनी गाडी थांबवली.

"काय झालं?"

"बाटली दे."

"का?"

"जिबेक, ऐक. ते औषध बाहेर न्यायला बंदी आहे. माझ्या हातून गेलं हे कळलं तर नुसतं कामावरून काढणार नाहीत. मला आत टाकतील. माझी तीन पोरं आहेत." त्यांचा आवाज चिरका झाला होता. "दवाखान्यात सांग, अक्रोडाखाली झोपला. सांग, सुरवंट चावला. खोटं नाही ते, चावलाच होता. डॉक्टर आहेत ते, बघतील त्यांचं ते."

"ते बघेपर्यंत हा राहायला हवा ना, आका."

"मी सांगतो ते कर. बाटली नदीत टाकू. कोणाचंच नाव यायला नको. आईचंही. आईला काय करतील विचार केलास?"

मी बाटली कुशीत दाबून धरली. ते गाडीवरून उतरले, हात पुढे केला. मला वाटलं आता हिसकावून घेणार. तेवढ्यात कुतमानची घुरघुर थांबली. मी त्याला हलवलं, उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. त्याच्या तोंडातून पांढरी लाळ माझ्या हातावर सांडली आणि त्याने एक श्वास घेतला, दार करकरावं तसा.

आका गाडीवर चढले. नंतर उताराला त्यांनी एकदाही ब्रेक लावला नाही.

दवाखान्यातली डॉक्टर जाडजूड, वयस्कर बाई होती. तिने डोळ्यांची पापणी उचलली आणि बॅटरी मारून पाहिली. "काय दिलंय याला?"

"काही दिलं नाही. लावलं गेलंय. पाळण्याच्या पट्ट्यांना." मी बाटली टेबलावर ठेवली. "फवारणीचं आहे."

तिने झाकण उघडून लगेच बंद केलं. "नाव?"

मी आकांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, आपल्या बुटांकडे बघत.

"नाव सांगा कोणीतरी. याच्यासारखी दहा औषधं आहेत, वास सारखा. एकाला एक इंजेक्शन लागतं, दुसऱ्याला त्याच्याबरोबर आणखी एक, आणि चुकीचं दिलं तर घातक. लवकर!"

"आका," मी म्हटलं. मी कुतमानला उचलून त्यांच्या समोर धरला, एवढंच. त्याची बोटं आकसलेली होती.

"माझं नाव लिहू नका," ते डॉक्टरला म्हणाले.

"तुझं नाव मला करायचंय काय? औषधाचं सांग!"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरबाईने नर्सला हाक मारली आणि मला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर मी किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. आका भिंतीला टेकून उभे होते. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "हात धू. तुझ्या हातांनाही असेल." आम्ही दोघांनी एकाच नळावर हात धुतले. "आणि आई?" मी म्हटलं. "त्या तर उघड्या हातांनी पट्टे पिळत होत्या." ते तसेच ओले हात घेऊन गाडीकडे धावले.

दोघंही वाचले. इंजेक्शनांवर इंजेक्शनं घेऊन कुतमानच्या बाहुल्या उघडल्या, तोंड कोरडं पडलं, तिसऱ्या दिवशी तो दुधासाठी रडला. त्या रडण्याने मी आधी घाबरले, इतके दिवस ऐकलं नव्हतं. एनेंना सलाइन लावून बायकांच्या खोलीत ठेवलं होतं. त्या मुलाला बघायला आल्या नाहीत. नर्स म्हणाली, दारापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. कुतमानचे वडील कुरणावरून आले, आईपाशी बसले, मग माझ्यापाशी बसले. आकांना कामावरून काढलं. पुढचं, पोलिसांचं, अजून चालू आहे. त्यांची बायको रस्त्यात दिसली की माझ्यावरून नजर काढून घेते, आणि मी तिला दोष देत नाही.

आता अक्रोड पडायला लागलेत. सगळं गाव वर जंगलात आहे, घरांना कुलपं. आम्ही खालीच राहिलो. कुतमान अजून उभा राहत नाही. बसवलं तर बसतो, पण पाय पुढे नुसते ठेवल्यासारखे. नानचा तुकडा हातात दिला तर बोटांतून सुटतो, आणि तो सुटलेल्या तुकड्याकडे बघत राहतो. शहरातल्या डॉक्टरांनी तळपायाला सुई टोचून पाहिली. म्हणाले, नसा आहेत, वेळ लागतो. येईल का परत, असं मी विचारलं. वेळ लागतो, असंच ते पुन्हा म्हणाले.

पाळणा कुतमानच्या वडिलांनी फोडून जाळला. पण पाळण्यात वाढलेलं मूल मोकळं झोपत नाही. डोळा लागला की त्याचे हात आपोआप उडतात, तो दचकून उठतो आणि थकेपर्यंत रडतो. म्हणून दुपारी मी त्याच्या शेजारी आडवी होते, त्याची दोन्ही मनगटं त्याच्या अंगालगत धरून ठेवते आणि माझा पाय त्याच्या गुडघ्यांवर टाकते. तेव्हा कुठे झोपतो. तसंच धरून ठेवावं लागतं, सोडलं की उठतो.

परवा एने दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात नवे पट्टे होते, पांढरे, नक्षी नसलेले. केव्हा विणले मला कळलंही नव्हतं.

"उकळत्या पाण्यातून काढलेत," म्हणाल्या. "उन्हात वाळवलेत. आणि कशालाच लागले नाहीत."

"ठेवा तिथे."

त्यांनी उंबऱ्यावर ठेवले आणि आत आल्या नाहीत. कुतमान रडत होता. त्याचे हात धरले तर पाय सुटत, पाय दाबले तर हात. माझ्या खांद्याला रग लागली होती. मी त्या पट्ट्यांकडे पाहिलं. ते उचलणं नाही झालं माझ्याने.

"हात धुऊन या," मी म्हटलं.

त्या अंगणातल्या नळावर गेल्या. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आल्या आणि माझ्याजवळ बसून दोन्ही हात पुढे केले. मी ते हुंगले, त्यांच्या देखत, आधी तळवे, मग नखं. त्यांनी हुंगू दिले. हात थरथरत होते, ते आता तसेच राहणार आहेत.

मी हात धरले, त्यांनी पाय. कुतमान थोडा रडला, मग हुंदके कमी झाले.

"पायांना काही जोर लावावा लागत नाही गं," एने हळूच म्हणाल्या.